चांदी संपत गेली तेव्हाची नाणी

रोमन नाणी जमवायला लागलेल्यांची पहिली धाव बहुतेक वेळा ऑगस्टस, नीरो, ट्रेजन, हेड्रियन यांच्याकडे असते. देखणे चेहरे, भरपूर चांदी, ठसठशीत अक्षरं. माझा जीव जडला तो तिसऱ्या शतकावर, साधारण इ.स. 235 ते 275 या चाळीस वर्षांवर. ही नाणी वेडीवाकडी, कडेला चिरलेली, कित्येकदा ठसा एका बाजूला सरकलेला. एवढ्या काळात वीसहून अधिक सम्राट गादीवर आले आणि त्यातले बहुतेक मारले गेले. त्या धुमश्चक्रीत राज्याची तिजोरी कशी रिती होत गेली, ते नाण्याच्या धातूत जसंच्या तसं उतरलंय.

यातलं मुख्य नाणं म्हणजे अँटोनिनियानस. सम्राट कॅराकॅलानं ते 215 साली काढलं. सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट दिसला, की ओळखायचं. सम्राज्ञी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर असते. अभ्यासकांच्या मते त्याची किंमत होती दोन दिनारियस (रोमचं जुनं चांदीचं नाणं), आणि त्यात चांदी होती जेमतेम दीड दिनारियसची. म्हणजे पहिल्याच दिवशी चौथा हिस्सा सरकारच्या खिशात! तोवर दिनारियसमधली चांदी कॅराकॅलाचा बाप सेप्टिमियस सेव्हेरस यानं आधीच निम्म्यावर आणून ठेवली होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

माझ्याकडचं एक नाणं मी वरचेवर भिंगाखाली धरते. 238 सालचं, प्युपिएनसचं. पुढच्या बाजूला अरुंद चेहरा, लांब निमुळती दाढी, कपाळावर आठ्या. ठसा कोरणाऱ्यानं म्हाताऱ्याची कसलीही भीड ठेवलेली नाही. मागच्या बाजूला फक्त एकमेकांत गुंफलेले दोन उजवे हात. अंगठ्याची नखंसुद्धा दिसतात. भोवती लिहिलंय ते दोन सम्राटांच्या परस्परप्रेमाबद्दल. सिनेटनं त्या वर्षी प्युपिएनस आणि बाल्बिनस या दोघांना एकदमच सम्राट केलं होतं. बाल्बिनसच्या नाण्यांवरही हेच हात, आणि शब्द निष्ठेचे, एकोप्याचे. प्रत्यक्षात दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. प्रिटोरियन, म्हणजे सम्राटाच्या पहाऱ्याचे, सैनिक राजवाड्यात घुसले तेव्हा प्युपिएनसला जर्मन अंगरक्षकांना बोलवायचं होतं, आणि हा आपल्यालाच संपवायचा डाव आहे या संशयानं बाल्बिनसनं ते होऊ दिलं नाही. हेरोडियन या त्या काळच्या इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. दोघांनाही फरपटत नेऊन मारलं. राज्य सुमारे तीन महिन्यांचं.

म्हणून या काळातलं नाणं हाती आलं की मी आधी मजकूर वाचते आणि लगेच त्याच्या उलट बाजूनं विचार करते. सैन्याच्या निष्ठेचा गजर असेल, तर सैन्य बिथरलेलं असणार. शांतीदेवता ऑलिव्हची फांदी घेऊन उभी असेल, तर सीमेवर काय चाललंय ते शोधायला लागते. हा नियम प्रत्येक वेळी लागू पडतो असं नाही, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते तो नेमकं सांगतो.

धातूचं तसं नाही. तिसऱ्या गॉर्डियनच्या वेळी, 240 च्या आसपास, अँटोनिनियानसमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर चांदी होती. 260 मध्ये व्हॅलेरियन पर्शियाच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. त्याचा मुलगा गॅलिएनस एकटा उरला. पश्चिमेकडे पोस्ट्युमसनं वेगळं राज्य मांडलं. सैन्याचा पगार तर द्यावाच लागणार. गॅलिएनसच्या अखेरीला, 268 पर्यंत, चांदी चार-पाच टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली गेली होती. त्याच्यानंतर आलेल्या क्लॉडियस गॉथिकसच्या नाण्यांत ती दोन-तीन टक्केच भरते. खरं तर हे तांब्याचं नाणं. ते चांदीचं दिसावं म्हणून खटाटोप चालायचा: चांदी बरी होती तेव्हा कोरी चकती तापवून आम्लात बुडवत, म्हणजे वरवरचं तांबं विरघळून चांदी तेवढी पृष्ठभागावर राही, पुढे चांदीच इतकी कमी झाली, की वरून पातळ मुलामा चढवायला लागले. तो मुलामा आज बहुतेक नाण्यांवर अक्षरांच्या सांदीत आणि मुकुटाच्या किरणांमध्ये तेवढा उरलेला असतो. अशी नाणी आम्लानं किंवा ब्रशनं घासून 'स्वच्छ' करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सतराशे वर्षं टिकलेला पुरावा पाच मिनिटांत जातो.

गॅलिएनसच्या शेवटच्या दिवसांत रोमच्या टाकसाळीनं मात्र एक अप्रतिम मालिका काढली. सम्राटाचं रक्षण कर म्हणून एकेका देवाला साकडं, आणि मागच्या बाजूला त्या देवाचा प्राणी: डायानाचं हरीण, मद्याचा देव लायबरचा चित्ता, नेपच्यूनचा अर्धा घोडा अर्धा मासा, सूर्याचा पंख असलेला घोडा. माझ्याकडे डायानाचं हरीण आहे. नाण्याची चकती ठशापेक्षा लहान पडल्यामुळे निम्मी अक्षरं बाहेर गेलीत, पण हरणाचा उचललेला पाय आणि खाली टाकसाळीच्या विभागाचं अक्षर शाबूत आहे. देवांनी काही ऐकलं नाही. 268 मध्ये मिलानला वेढा घालून बसला असताना त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला ठार केलं.

ऑरेलियनच्या राज्यात टाकसाळीतल्या कामगारांनीच रोममध्ये बंड केलं. म्होरक्या होता फेलिसिसिमस, खजिन्याचा अधिकारी. बंड मोडताना सात हजार सैनिक पडले असं प्राचीन लेखक सांगतात. मला तो आकडा फुगवलेला वाटतो. ऑरेलियननं 274 मध्ये नाणी सुधारली. वजन नीट, काठ गोल, आणि तळाशी वीस व एक हे रोमन आकडे. वीस भाग तांब्याला एक भाग चांदी, असा त्याचा सर्वसाधारणपणे लावला जाणारा अर्थ. तपासणीत चांदी निघतेही पाच टक्क्यांच्या आसपासच! नाणं आपला कस स्वतःच सांगतंय, आणि खरा सांगतंय, याचं मला फार अप्रूप आहे.

विकत घेताना मी आधी विचारते ते नाणं कुठून आलं. कुठल्या जुन्या संग्रहातलं, कधी बाहेर आलं, कागद काय आहेत. उत्तर नसेल तर कितीही मोह झाला तरी घेत नाही. चोरून खणलेल्या घड्यातली नाणी इकडेतिकडे पांगली, की इतिहास कायमचा जातो. डोमिशियानस नावाच्या सम्राटाचं एक नाणं 1900 साली फ्रान्समध्ये मिळालं होतं. असा सम्राट कोणी मानेना, म्हणून बनावट ठरवून ते बाजूला पडलं. 2003 मध्ये इंग्लंडमधल्या चॅलग्रोव्हजवळ सुमारे पाच हजार नाण्यांचा घडा सापडला. तो तसाच ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, आणि एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवताना त्याच सम्राटाचं दुसरं नाणं निघालं. घड्याची नाणी सुटी सुटी विकली गेली असती तर त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

सध्या मी क्विंटिलसच्या मागे आहे. क्लॉडियस गॉथिकसचा हा भाऊ, 270 मध्ये सम्राट झाला. काही प्राचीन लेखक त्याचं राज्य सतराच दिवसांचं सांगतात. मग रोम, मिलान, सिसिया आणि सिझिकस या लांब लांबच्या टाकसाळींतून त्याची इतकी नाणी कशी पडली? बातमी पोचायची, चेहरा कोरायचा, ठसे करायचे, हे सतरा दिवसांत होणं शक्य नाही. दुसरी एक जुनी नोंद 77 दिवस सांगते, ती मला पटते. रोम, मिलान आणि सिसियाची नाणी माझ्याकडे आहेत. सिझिकसचं अजून मिळायचंय.