किंचित वाकलेला नेक

बेस गिटारचा नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, अगदी सरळ असावा असं नवख्याला हमखास वाटतं. एक डोळा मिटून बघायचं, जरा वाक दिसला की पाना काढायचा. पण सरळ नेक बेसला मानवत नाही. ई ची जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा हलते, आणि 34 इंचांच्या त्या लांबीत मधोमध सगळ्यात जास्त झुलते. तिला तेवढी जागा लागते, म्हणून नेक मध्ये किंचित खोलगट ठेवायचा. हा रिलीफ. साधारण 0.3 मिलिमीटर, बस्स.

मोजायची रीत मला फार आवडते. नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. पहिल्या फ्रेटवर तार दाबायची, नेक बॉडीला मिळतो तिथेही दाबायची. आता तारच मोजपट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी उरलेल्या फटीत फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, सरकवायचा. गॅरेजवाले टॅपेट लावायला वापरतात तोच. मात्र वाद्य वाजवताना धरतो तसंच धरायचं. टेबलावर आडवं ठेवलं की नेक वेगळंच काहीतरी सांगतो.

चार तारांचा मिळून 70-80 किलोंचा ताण नेकला पुढे ओढत असतो. नेकच्या आतली धातूची सळई, ट्रस रॉड, त्याला मागे खेचते; पाना लागतो तो हिलाच. गिब्सन या गिटार कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना त्याचं पेटंट 1923 मध्ये मिळालं. पाव फेरा आवळायचा, सूर पुन्हा मिळवायचे, मग मोजायचं. घाई केली तर रॉड जातो. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये आणलेल्या प्रिसिजन बेसवर तर या रॉडचं तोंड बॉडीच्या बाजूला. नेक उतरवल्याशिवाय नीट हात पोचत नाही. कॅलिफोर्नियात हे खपून गेलं असेल. मुंबईत लाकूड जून ते सप्टेंबर दमट हवा पीत बसतं आणि मे महिन्यात लावलेला रिलीफ जुलैत जागेवर नसतो.

तारा खाली आणायला रॉड फिरवणारे लोक मला समजत नाहीत. ते काम ब्रिजवरच्या सॅडलचं, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या तुकड्यांचं. आधी रिलीफ, मग उंची, शेवटी बाराव्या फ्रेटवरचा सूर, हा क्रम मोडला की सगळं पुन्हा करावं लागतं. नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी म्हणजे नट. त्याच्याजवळच्या फ्रेटवर तार घासून खरखर होत असेल तर बहुधा रिलीफ कमी पडलाय; बॉडीकडच्या फ्रेटवर असेल तर तारा फार खाली आल्यात.

आणि प्रत्येक खरखर घालवायलाच हवी का? मिरजेत तंबोऱ्याची घोडी घासून घासून जवारी काढतात, ती तार घोडीला हलकी चाटत राहावी म्हणूनच. आपले कान त्या झंकारावर वाढलेत. बेसची ई तार जोरात छेडल्यावर जरा गुरगुरली आणि ॲम्पमधून ते ऐकू येत नसेल, तर मी पाना ठेवून देतो. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन उलट टोकाचा: त्याच्या तारा इतक्या उंच की दुसऱ्याची बोटं दुखावीत, आणि त्या बदलायचंही तो शक्यतो टाळायचा. आजचा कुठलाही कारागीर तो बेस बघून हळहळला असता. डेट्रॉइटमध्ये मात्र त्यावर हिट गाण्यांमागून हिट गाणी रेकॉर्ड होत होती.