हायडेलबर्गचं पाणी, नौपाड्याच्या पायऱ्या

ठाण्याला, नौपाड्यात आईच्या बाल्कनीत बसून लिहितेय, खाली गोखले रोडचे हॉर्न चालूच आहेत आणि खरं सांगते, दीड वर्षं हेच ऐकायला जीव आसुसला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जर्मनीत, हायडेलबर्गला ट्रामच्या रुळात सायकलचं चाक अडकलं, मी पाठीवर आपटले, मणका फुटला, पाय गेले. त्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल नाही लिहीत. रिहॅबमध्ये शिकवतात ते ऐकायला साधं वाटतं, बेडवरून खुर्चीत सरकायचं, दर वीसेक मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, कारण खाली काही जाणवत नाही, जखम झाली तरी कळणार नाही. पहिल्यांदा कोणाचा हात न धरता खुर्चीत आले त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल केला आणि आम्ही दोघी नुसत्या रडत बसलो.

बाबा मागून म्हणाले, "अगं, तुझ्या हायडेलबर्गलाच आपले मुरलीकांत पेटकर जिंकले होते ना!" चार वर्षं त्या गावात राहून मला हे माहीतच नव्हतं. सांगली जिल्ह्यातला माणूस, सैन्यात बॉक्सिंग करायचे, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, आणि १९७२ला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदात गोल्ड, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. त्या वर्षी ऑलिम्पिक म्युनिकला झालं पण खेळाडूंच्या इमारती लगेच फ्लॅट म्हणून द्यायच्या होत्या, म्हणून पॅरालिम्पिक हायडेलबर्गला आलं.

त्यानंतर माझ्या डोक्यातून पाणी जाईना. लहानपणी मारोतराव शिंदे तरणतलावात बाबांनीच शिकवलेलं. फिजिओने पाण्यात सोडलं तेव्हा आधी भीतीच वाटली, मग पाय आपोआप वर आले आणि माझ्या मागे शांतपणे तरंगत राहिले, खुर्ची काठावर, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझं अंग मला जड नव्हतं. नाकात पाणी जात होतं तरी मी हसत होते. किती सेकंद लागले ते कोणी मोजलं नाही, बरं झालं.

आता इथे. आमच्या बिल्डिंगला तीन पायऱ्या आहेत, रॅम्प नाही. मी येणार कळल्यावर तळमजल्यावरच्या काकांनी जाड प्लायची फळी आणून ठेवली, वॉचमनदादांनी ती कशी लावायची ते दोनदा करून बघितलं. पूर्वी कोणी उचललं की मी डोळे मिटून घ्यायचे. काल मीच सांगितलं, "काका, मागून धरा, सावकाश," आणि खाली उतरल्यावर सगळे असे खूश झाले की माझा गळाच भरून आला. रस्ता ओलांडताना फुटपाथची उंची बघून रागही आला, तो येणारच, हे बदलायला हवं.

उद्या सकाळी सहाला, गर्दी व्हायच्या आत, तलावपाळीला एक फेरी मारायची आहे. बाबांनी सायकलवाल्याकडून पंप आणलाय, आत्ता हॉलमध्ये बसून माझ्या चाकांत हवा भरतायत.