टीपीएसच्या मागं गेलेले तीन रविवार

गाडी २०१० ची, बाराशे सीसीची पेट्रोल, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, अजून केबलवर चालणारा. तो किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर म्हणजे टीपीएस. दुखणं एकच. तिसऱ्या गिअरला चाळीसच्या आसपास एक्सलेटर नुसता टेकवून धरला की मानेला हिसका बसायचा. जोरात दाबला की पळायची, सोडला की गप्प. पन्हाळ्याला जाताना शिवाजी पूल ओलांडल्यापासून केर्लीपर्यंत सपाट रस्त्याला धक्के, आणि वाघबीळच्या चढाला लागली की लोण्यासारखी. दम नसलेली गाडी चढाला रडते, ही सपाटीला रडत होती. खरं तर निदान तिथंच झालं होतं, पण डोकं चाललं नाही.

पहिला रविवार अंदाजात गेला. मेस्त्री म्हणाले, "काय न्हाई हो मालक, पेट्रोलात कचरा आला असंल." फ्युएल फिल्टर बदलला. मग मी माझ्या अकलेनं प्लग आणि एअर फिल्टर बदलले. फरक शून्य. सोमवारी कावळा नाक्याच्या सिग्नलला चेक इंजिनचा दिवा लागला आणि घरी पोचेपर्यंत विझला. ब्लूटूथ स्कॅनर लावला तर कोड मिळाला पी०१२१. हा कोड बघून लगेच टीपीएस विकत आणू नका. थ्रॉटलच्या सिग्नलचा मेळ बसत नाही, एवढंच तो सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा, अर्थिंगचा की कपलरचा (वायरी जोडणाऱ्या खटक्याचा), ते आपणच शोधायचं.

दुसऱ्या रविवारी मीटर काढला. टीपीएसला तीन वायरी: एकीवर ईसीयूकडून (इंजिनच्या कॉम्प्युटरकडून) येणारे पाच व्होल्ट, एक ग्राउंड, एक सिग्नल. कपलर न काढता मागून टाचण्या सरकवल्या, इंजिन बंद आणि चावी ऑन. पुरवठा ४.९८, ग्राउंडवर ०.०२, थ्रॉटल मिटलेला असताना सिग्नल ०.५३, पूर्ण उघडल्यावर ४.२. सगळं पुस्तकातल्यासारखं. मी सेन्सरला निर्दोष सोडलं आणि दुपारभर थ्रॉटल बॉडी घासत बसलो. बॉडी चकाचक झाली, धक्के तेवढेच.

चूक अशी की मी फक्त दोन टोकं मोजली. मधली वाट डिजिटल मीटरवर भरभर ओलांडली, आणि तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर तर मी आरपीएम, तापमान, थ्रॉटल असं सगळं एकदम लावलेलं, म्हणजे थ्रॉटलची पाळी आणखी उशिरा. क्षणभराची बुडी दोघांनाही दिसत नाही.

रात्री माळ्यावरून वडिलांचा काट्याचा मीटर काढला. उद्यमनगरात मोटर वाइंडिंग करायचे तेव्हाचा, काच तडकलेली, पण काटा जिवंत. दहा व्होल्टच्या रेंजवर लावला आणि पुतण्याला सीटवर बसवलं. "एक्सलेटर मुंगीच्या पावलानं दाब," म्हटलं. "काका, एवढंच?" "अजून हळू." काटा अर्ध्या व्होल्टवरून उठला, पाऊण झाला, आणि एकच्या जरा अलीकडं फटकन शून्याकडं पडून परत वर आला. परत दाबायला लावलं, परत तिथंच. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तीच जागा. मग पेडल एका जागी धरून वायरिंग आणि कपलर हलवून पाहिलं. काटा ढिम्म. म्हणजे वायर निर्दोष सुटली, सेन्सर सापडला.

सेन्सरच्या आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून ब्रश फिरतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं. गावात गाडी चालवताना पाय कायम पहिल्या पाव भागातच असतो, म्हणून पट्टी तिथंच झिजते. ब्रश त्या खड्ड्यावर आला की व्होल्टेज कोसळतं आणि ईसीयूला वाटतं पाय उचलला, तो पेट्रोल आखडतो. पुढच्या क्षणी व्होल्टेज परत येतं, ईसीयूला वाटतं पाय दाबला, तो जादा पेट्रोल सोडतो. हाच तो हिसका. चढाला ब्रश खड्ड्याच्या पुढं निघून गेलेला असतो.

तिसरा रविवार. काम दोन स्क्रूंचं, वेळ अडीच तास. हे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण जपानी जेआयएस खाचेचे असतात. साधा फिलिप्स त्यात पुरता बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि खाच खातो. पहिला निघाला, दुसऱ्याची खाच मी खाल्ली. थ्रॉटल बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, तिथं हातोडा नको. सोल्डरिंग आयर्न डोक्यावर पाच मिनिटं टेकवून ठेवलं, गंज सोडवायचं तेल सोडलं, हॅकसॉच्या पात्यानं डोक्यावर आडवी चीर पाडली आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं हळूच फिरवला. करकर आवाज आला. तो आवाज ऐकून मी चहा मागितला.

नवा सेन्सर बसवताना तो आधी तिरका धरायचा, थ्रॉटलच्या दांड्याची जीभ खाचेत बसली की आतल्या स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवून भोकं जुळवायची. उलट्या बाजूनं बसला तर रीडिंग हलतच नाही. माझा पहिल्यांदा तसाच बसला होता. भोकं लांबट असतात, म्हणून बंद थ्रॉटलला ०.५३ वर आणून स्क्रू आवळले. आवळताना तो सरकून ०.६१ झाला. तीनदा सैल केला, तीनदा आवळला. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला मात्र हात लावायचा नाही. आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवाल्यांनी ही जुळवणी करायला जाऊ नये, तिथला प्रकार वेगळा.

काट्याचा मीटर परत लावला, काटा न अडखळता वर गेला. कोड पुसला, बॅटरीची निगेटिव्ह पंधरा मिनिटं काढून ठेवली, मग एसी बंद ठेवून गाडी गरम होईपर्यंत स्लोवर सोडली. संध्याकाळी केर्लीपर्यंत तिसऱ्या गिअरला चाळीसनं गेलो. पुतण्या मागून म्हणाला, "काका, आज मान हलत न्हाई."

घरी येऊन जुना सेन्सर पात्यानं कापला. भिंगाखाली काळ्या पट्टीच्या सुरुवातीलाच तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत घासलेला ठिपका, बाकी पट्टी नव्यासारखी. थंडीत सकाळी स्लो अजून थोडा वरखाली होतो. पुढच्या रविवारी स्लोची हवा सांभाळणारा आयडल एअर व्हॉल्व्ह काढतोय; त्याचे स्क्रू तसलेच आहेत, म्हणून जेआयएस ड्रायव्हर आधी आणून ठेवलाय.