टायटॅनियमला एस.एस. का चिकटेना?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये मी १२ वर्षं टिग वेल्डिंग करतोय. मागच्या पावसाळ्यात एका निकेल प्लेटिंगवाल्याने टायटॅनियमच्या सहा बास्केट आणल्या, प्लेटिंगच्या टाकीत निकेलचे तुकडे भरून टांगायच्या. "हूक एस.एस.चे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे लावा, तेवढाच खर्च वाचेल," म्हणाला. मी लगेच हो म्हटलं.

तापल्या धातूला हवा लागू नये म्हणून आर्गन वायू नीट सोडला, पाठीमागूनही गॅस दिला. टाका चकचकीत चंदेरी आला. चहाला वळलो तोच मागून 'टक्'! हूक जमिनीवर. मग करंट कमी करून पाहिला. गार होताना तोही तुटला. ३०९ जातीच्या एस.एस.चा फिलर (जोडात वितळवायची तार) घातलेला तिसरा हूक सकाळी जरा वाकवताच हातात आला. तुटलेल्या कडेवर कानस फिरवली, तर ती घसरत होती. इतका कडक आणि तरी इतका ठिसूळ टाका मी कधी बघितला नव्हता.

आमच्या गल्लीतले काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, धातुशास्त्राचे. तुकडे घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"तुझ्या हाताचा दोष नाही रे. गार टायटॅनियममध्ये लोखंड ०.१ टक्कासुद्धा मावत नाही. उरलेलं लोखंड टायटॅनियमशी ठरलेल्या प्रमाणात संयुग करतं. त्यात प्रत्येक अणूची जागा ठरलेली, थर एकमेकांवरून सरकत नाहीत. मग वाकणार कसं? तुटतंच." शिवाय एस.एस. तापल्यावर टायटॅनियमच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गार होताना ते आखडतं आणि सगळा ताण नेमका त्या ठिसूळ थरावर येतो.

म्हणजे ही आंतरधातू संयुगं धातूला लागलेली कीडच, असं मी म्हणालो. काकांना ते अजिबात पटलं नाही. बोइंग ७८७ला बसणाऱ्या जीईएनएक्स इंजिनात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यांतली पाती टायटॅनियम-ॲल्युमिनियमच्या अशाच संयुगाची आहेत, निकेल मिश्रधातूच्या साधारण निम्म्या वजनाची. तापलेलं पातं ताणाखाली हळूहळू लांबत जातं. तिथे अणूंची हीच शिस्त त्याला धरून ठेवते. गार असताना मात्र ते एक-दोन टक्केच ताणलं जातं. नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूत ॲल्युमिनियम ६ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण फार वाढवलं की तीन टायटॅनियमला एक ॲल्युमिनियम अशा संयुगाचे कण बनतात आणि धातू ठिसूळ होतो. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेत दीपांकर बॅनर्जी आणि सहकाऱ्यांना नायोबियम मिसळलेल्या अशाच धातूत अणूंची एक नवी रचना सापडली, १९८८ साली. हे सांगताना काकांचा आवाज भरून आला होता, आणि ऐकताना माझाही ऊर भरून आला.

प्लेटिंगवाल्याला सगळं समजावून सांगितलं. ग्रेड २च्या, म्हणजे शुद्ध टायटॅनियमच्या सळीचे हूक वाकवले, टायटॅनियमचाच फिलर वापरला. त्याला एके ठिकाणी एस.एस.ची पट्टी हवीच होती, ती बोल्टने कसली. निकेलचे तुकडे भरून सहाही बास्केट टांगल्या, त्या अजून टांगलेल्याच आहेत.

टायटॅनियमसाठी आता तारेचा ब्रश वेगळा ठेवलाय, लाल पट्टी गुंडाळून. लोखंडावर फिरलेला ब्रश त्या टेबलावर येऊ देत नाही.