श्मिट म्हणजे लोहार, मग जात कळते का?

पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये ठरलेला. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, म्युलर म्हणजे पाणचक्कीवर दळण दळणारा, असं फळ्यावर लिहिलं की कुणीतरी विचारतंच, "म्हणजे मॅडम, तिकडेही आडनावावरून जात कळते?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही कळत. साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात, शहरं वाढली तशी ही आडनावं पक्की होत गेली. एका गल्लीत चार योहानेस राहायला लागले, की कराच्या वहीत त्यातला लोहार कोणता हे लिहावंच लागे. पुढे नाव नातवाकडे आलं, ऐरण येईलच असं नाही. आज श्मिट आणि श्नायडर लग्न ठरवतात तेव्हा लोहार-शिंपी कुणाच्या मनातही येत नाही.

कळतो तो मुलूख. गाड्या घडवणारा सुतार दक्षिणेकडे वाग्नर, वायव्येला राडेमाखर, ईशान्येला श्टेलमाखर. उत्तरेतला शिंपी श्रोडर. आणि आडेनाउअर तर थेट आपल्या 'कर'सारखं: आइफेलच्या डोंगरातल्या आडेनाउ गावचा. गावातल्या गावात कुणी कुणाला गावाच्या नावाने ओळखत नाही. साताऱ्याचा माणूस सातारा सोडून बाहेर पडला, की तिथले लोक त्याला सातारकर म्हणायला लागतात. श्वाब घराण्याचा मूळपुरुषही बहुधा असाच श्वाबेन सोडून कुठेतरी स्थिरावलेला असणार. परमुलखाने ठेवलेली ही नावं मला फार जवळची वाटतात.

पण एवढंच सांगून मी तास संपवत नाही. ज्यू कुटुंबांत बऱ्याच ठिकाणी मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावायची रीत होती. ऑस्ट्रियात १७८७ साली त्यांना कायमचं आडनाव घेणं सक्तीचं झालं. प्रशियात १८१२ साली नागरिकत्वासाठी तीच अट आली. कुणी गावाचं नाव घेतलं, कुणी रोझेंथाल, म्हणजे गुलाबांची दरी. कितीतरी जणांची आडनावं शेजाऱ्यांसारखीच होती. सव्वाशे वर्षांनी नाझींना नावावरून माणूस वेगळा काढायचा होता, आणि आडनाव त्याला पुरेना. म्हणून ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम निघाला: ज्याचं पहिलं नाव सरकारी यादीतलं ज्यू नाव नाही, त्याने १ जानेवारी १९३९ पासून जादा नाव लावायचं. पुरुषांनी इस्राएल, बायकांनी सारा.

बर्लिनच्या फुटपाथवर घरांसमोर दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले आहेत, तिथून नेलेल्या माणसांच्या नावाचे. अशाच एका चौकोनापाशी मी वाकले होते. 'इथे राहत होता', खाली नाव, आडनाव वोल्फ. उठून दाराकडे पाहिलं. जर्मनीत बेलपाशी फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. तिसऱ्या बेलवर वोल्फ लिहिलं होतं.

नात्यातले नसावेत. आडनाव तेवढं एक.