रुमाल थांबतील, इतिवृत्तं आधी

भिजलेल्या कागदाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. कोकणातल्या जुलैत तर तेवढेही लागत नाहीत.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि खेड पाण्याखाली गेलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पौर्णिमा तोंडावर आली होती. खाडीला उधाण होतं आणि डोंगरातून येणाऱ्या पाण्याला समुद्रात उतरायला वाटच मिळेना. त्याच पाण्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या बाजारपेठेतलं जुनं वाचनालय छातीभर बुडालं. जुनी दप्तरं स्कॅन करून, त्यांच्या याद्या करून ती लोकांना पाहता येतील अशी खुली करायची, हे माझं काम. ह्या वाचनालयाचं काम पावसाळा सरल्यावर सुरू करायचं ठरलं होतं आणि त्यासाठी कपाटवार यादी आधीच झाली होती. पाणी उतरल्यावर ग्रंथपाल काकांचा फोन आला. ‘कपाटं उघडत नाहीत,’ एवढंच ते म्हणाले.

खरंच उघडत नव्हती. ओली पुस्तकं फुगतात, एकमेकांना रेटतात आणि लोखंडी कपाटाचा दरवाजा आतून आवळून धरतात. शेवटी पहार आणली. दरवाजा सुटला तेव्हा वरचा खण बाहेरच्या बाजूला अक्षरशः उसळला. जमिनीवर घोट्याएवढा चिखल, वीज नाही, भिंतींवर पाण्याची रेघ. करोनाचे दिवस असल्यामुळे मास्क प्रत्येकाच्या खिशात होते, ते कामी आले. गावातली दहा-बारा मुलंमुली मदतीला आली होती. त्यांना मी आधी काय करायचं नाही ते सांगितलं: वही उघडायची नाही, पिळायची नाही, पानं सोडवायला जायचं नाही, उन्हात काही ठेवायचं नाही. ऊन कुठलं म्हणा, पण कुणीतरी चुलीशी शेकायचं सुचवलं होतं.

ओल्या कागदापुढे वेळ कमी असतो. हा वेळ वाढवायचा एकच उपाय माझ्या माहितीत आहे, तो म्हणजे गोठवणं. उणे अठरा-वीस अंशांत कागद गेला की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, चिकट पानं आणखी चिकटत नाहीत. गोठवून काही दुरुस्त होत नाही. फक्त सगळं होतं त्या स्थितीत थांबतं आणि मग सवडीने चार-चार वह्या बाहेर काढून सुकवता येतात. पण असला गोठणगार रत्नागिरीत कुठे मिळणार? तो मासळीवाल्यांकडे मिळाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळी निर्यातीच्या एका कोल्ड स्टोरेजमधली एक खोली रिकामी होती. तिथल्या मॅनेजरसाहेबांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ताई, किती क्रेट?’ भाडं किती ते मी विचारलं, तर म्हणाले, ‘पुस्तकांचं काय भाडं घ्यायचं? फक्त बांधून आणा पक्कं, मासळीचा वास लागेल नाहीतर.’

अडचण टेम्पोची होती. मिळाला तो एकच, छोटा. रात्री पुन्हा भरती होती, वर पाऊस कोसळतच होता, आणि अंधार पडायच्या आत निघालो नसतो तर रस्ता मिळाला नसता. टेम्पोत मासळीचे प्लास्टिकचे चाळीसेक क्रेट बसत होते. वाचनालयात भिजलेलं सामान त्याच्या कितीतरी पट. काय न्यायचं?

अध्यक्षांचं मत ठाम होतं. वाचनालयाकडे एका जुन्या घराण्याकडून आलेले मोडी कागदांचे सात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते. ‘मॅडम, पेशवाईतले कागद आहेत ते. आधी ते चढवा. बाकीचं बघू.’ आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या यादीत मात्र वर दुसरंच होतं: वाचनालयाच्या बैठकांची इतिवृत्तं, पुस्तकं कोणी नेली त्याच्या देवघेव वह्या आणि स्थानिक साप्ताहिकांच्या फायली. अध्यक्षांना हे पटेना. ‘आमच्याच बैठकांच्या वह्या? त्यात काय आहे? वर्गणी आणि चहाचा खर्च.’

वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून मी त्यांना दाखवलं. एका रुमालातला घडी घातलेला कागद ताटलीत ठेवला आणि बाटलीतलं स्वच्छ पाणी त्यावर थेंब थेंब सोडलं. चिखल ओघळून गेला आणि खालून ‘श्री’ आणि पहिली ओळ जशीच्या तशी वर आली. काळी, ठसठशीत, बोरूच्या टोकाचा जाडबारीकपणा शाबूत. ती शाई काजळीची. काजळी पाण्यात विरघळत नाही. तिला धरून ठेवणारा डिंक मऊ पडतो, म्हणून बोट घासायचं नाही एवढंच पथ्य. कागदही हातबनावटीचा, चिंध्यांच्या लांब धाग्यांचा, घोटून गुळगुळीत केलेला. भिजला तरी त्याचा लगदा होत नाही. मग मी शेजारच्या क्रेटकडे बोट केलं. त्यात १९२६ ते १९४१ ची इतिवृत्ताची वही ठेवली होती आणि तिच्या कडेतून निळं पाणी क्रेटच्या तळाशी जमत होतं. गिरणीचा कागद, दौतीतली निळी-काळी शाई. मधल्या काही वर्षांच्या देवघेव नोंदी तर जांभळ्या पेन्सिलीने केलेल्या. ती पेन्सिल कोरडी असताना खोडरबरालाही दाद देत नाही, पण पाणी लागलं की तिच्यातला रंग सुटतो आणि अख्खं पान जांभळं होतं.

अध्यक्ष त्या निळ्या पाण्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, ‘काका, रुमाल शाळेच्या माडीवर पंख्याखाली सुकतील, जनरेटर आहे. ही वही उद्या सकाळपर्यंत राहणार नाही.’ त्यांनी स्वतः तो क्रेट उचलला.

मला हे आग्रहाने सांगावंसं वाटतं, कारण गावोगाव मी उलटं पाहते. जुनं ते आधी, हा क्रम लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. सनदा जपून ठेवतात, पण शाळेचा दाखलखारीज म्हणजे मुलांची नोंदवही, सोसायटीचं खातं, नाटक मंडळीचा जमाखर्च माळ्यावर कौलांच्या गळतीखाली पडलेला असतो. मोडी कागदाने दोनशे पावसाळे काढलेले असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या वहीला एक पूर खूप होतो. आणि गावातली बहुसंख्य माणसं कुठल्या सनदेत नसतात, ती ह्या वह्यांमध्ये असतात.

प्रत्येक वही मेणकागदात गुंडाळली, कणा खाली ठेवून क्रेटमध्ये उभी केली, कपाटाचा आणि यादीचा क्रमांक शिसपेन्सिलीने चिठ्ठीवर लिहिला, कारण शिसपेन्सिल पाण्याने जात नाही. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंकही घेतले. तो कागद ओला असताना सुकू दिला तर पानांची एकच वीट होते, मग काहीही करता येत नाही. कादंबऱ्या सोडल्या, त्या दुसरीकडे मिळतात. टेम्पो रत्नागिरीला पोहोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कोल्ड स्टोरेजची पोरं गमबूट घालून उभीच होती.

पुढचं काम संथ. त्या हिवाळ्यात हवा कोरडी झाल्यावर थोड्या थोड्या वह्या बाहेर काढल्या, टीपकागद घालत-बदलत सुकवल्या आणि सुकलेलं पान मग कॅमेऱ्याखाली गेलं. ४०० डीपीआयची टिफ फाइल जपण्यासाठी, हलकी पीडीएफ लोकांसाठी, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. जिथे निळा रंग वाहून गेला होता तिथे अतिनील दिवा लावला. निळ्या-काळ्या शाईत लोह असतं, रंग गेला तरी ते कागदात उरतं आणि त्या उजेडात अक्षर गडद दिसतं. जांभळ्या पेन्सिलीच्या पानांपैकी बरीच कायमची गेली. त्याची हळहळ अजून आहे.

त्या दिव्याखालीच इतिवृत्ताची ती तीन पानं वाचता आली. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता, सार्वजनिक विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा. त्याचा हवाला देऊन एका शाळामास्तरांनी वाचनालय सर्व जातींना खुलं करावं असं मांडलेलं होतं. भरपूर चर्चा झालेली. ठराव पडला. वर्तमानपत्र बाहेरच्या ओट्यावर बसून वाचू द्यावं, अशी तडजोड लिहिलेली होती आणि खाली विरोध करणाऱ्यांच्या सह्या. मास्तरांनी विषय पुढच्या वर्षी पुन्हा आणला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा आणला, तेव्हा तो एका मताच्या फरकाने मंजूर झाला. वाचनालयाच्या छापील माहितीपत्रकात मात्र संस्था पहिल्या दिवसापासून सर्वांना खुली असल्याचं म्हटलेलं आहे.

वह्या इंटरनेटवर ठेवायच्या आधी समितीची बैठक झाली. एक सभासद म्हणाले, ‘तेवढी तीन पानं गाळा. जुन्या लोकांची नावं आहेत, कशाला उकरायचं?’ विरोधाच्या सह्यांमध्ये अध्यक्षांच्या चुलत आजोबांची सही होती, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षांनी वहीची पीडीएफ मोबाइलवर उघडली. ‘पानांवर नंबर आहेत,’ ते म्हणाले. ‘एकशे बारानंतर एकशे सोळा आलं तर लोक विचारतील मधली कुठे गेली. काय सांगणार आहात? आणि मास्तरांचं नाव पण ह्याच पानांवर आहे.’ पानं राहिली.

देवघेव वह्यांबाबत वेगळं ठरलं. कोणी कुठलं पुस्तक नेलं ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट, म्हणून स्वातंत्र्यापूर्वीच्याच वह्या खुल्या केल्या; नंतरच्या वाचनालयात येऊन, कारण सांगून बघता येतात. छापील पुस्तकांत लेखक वारून साठ वर्षं झाली असतील तीच घेतली, कायदाच तसा आहे. स्कॅन करून हार्डडिस्क कपाटात कुलूपबंद केली की काम झालं असं समजणाऱ्या संस्थांचा मला राग येतो. त्याला पब्लिकसाठी केलेलं काम म्हणत नाहीत. इथे प्रत्येक पानाला मराठीत दोन ओळींचं वर्णन आहे, गावातल्या माणसाला सुचतील ते शब्द घालून: पाणी, वर्गणी, ओटा, मास्तर. हस्ताक्षर मशीनला नीट वाचता येत नाही, म्हणून पुरात मदतीला आलेल्या मुलांपैकी काही जण अजून टंकून देतात. फाइलींची एक प्रत घाटावर ठेवली आहे, खाडीच्या पाण्यापासून लांब.

वह्या खुल्या झाल्यावर बौद्धवाडीतले एक निवृत्त शिक्षक त्या पानांचे प्रिंट मागायला आले. त्यांचे आजोबा त्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे, असं घरात सांगत. ‘घरातलं बोलणं, त्याला पुरावा कुठला असणार?’ ते म्हणाले. त्यांनी ती पानं तिथेच दोनदा वाचली, मग मास्तरांच्या घरचं आता कोण कुठे असतं याची ग्रंथपाल काकांकडे चौकशी केली. पत्ता मिळाला, पुण्याचा. त्यांना पत्र गेलं आहे.

मोडीचे रुमाल शाळेच्या माडीवर नीट सुकले. चार वाचून झाले, बहुतेक खोतीचे हिशेब आणि एका विहिरीच्या वाटणीचं लांबलेलं भांडण. उरलेले तीन दिवाळीनंतर घ्यायचे आहेत.