थांबता येण्याची सोय

शुल्काच्या दुसऱ्या हप्त्याची मुदत पंचवीस तारखेला संपते आणि माझा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला होतो. वर्षाचा हिशेब मांडला तर जमा आणि खर्च जेमतेम जुळतात, तरीही प्रत्येक सत्रात हे मधले दिवस आडवे येतातच. घरून पैसे न घेता शिकणाऱ्याची अडचण पैसे कमी असण्याइतकीच ते वेळेवर हातात नसण्याचीही असते. शुल्क एकरकमी मागितले जाते, अनामत आगाऊ भरावी लागते, परीक्षेचा अर्ज लांबला की दंड बसतो. मोबदला मात्र काम करून झाल्यावरच मिळतो. ज्याच्या पाठीशी घर आहे त्याला हे अंतर कधी दिसत नाही, कारण दुसरे कोणीतरी ते परस्पर भरून काढते.

घरच्यांनी हात आखडता घेतला त्याची कारणे इथे लिहिण्यात अर्थ नाही आणि त्यांना बोल लावण्याचीही इच्छा नाही. एवढेच नोंदवून ठेवते की शिष्यवृत्तीच्या अर्जात पालकांचे उत्पन्न विचारलेले असते, त्यातले आपल्या वाट्याला काय येते हे विचारलेले नसते. कागदोपत्री मी खाऊनपिऊन सुखी घरातली आहे. ज्यांच्या घरी खरोखरच काही नाही त्यांच्यासाठी राखलेला पैसा मला मिळू नये, हे मला मान्य आहे. परंतु घरचे देऊ शकतात आणि तरीही देत नाहीत, अशा विद्यार्थ्यांसाठी त्या अर्जात एखादा रकाना असायला हरकत नव्हती.

वेळेचाही हिशेब एकदा करून पाहिला. आठवड्याचे 168 तास. रोज सात तास झोप धरली तर 49 जातात, आठ तासांच्या सहा पाळ्यांचे 48 आणि वर्गातले 18. एका तासाच्या व्याख्यानामागे दोन तास स्वतःचा अभ्यास असावा, अशी ढोबळ अपेक्षा अनेक ठिकाणी धरतात. त्याप्रमाणे आणखी 36. उरले 17. म्हणजे जाणेयेणे, स्वयंपाक, कपडे धुणे आणि क्वचित आजारी पडणे हे सगळे दिवसाच्या अडीच तासांहूनही कमी वेळात बसवायचे. ते बसत नाही, म्हणून झोप कापली जाते, आणि झोप कापली की अभ्यासाच्या तासांत डोळे पुस्तकावर असूनही डोक्यात काही शिरत नाही.

मी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर रात्रपाळी करते. मध्यरात्रीनंतर गर्दी ओसरली की नोंदवहीखाली टिपणे सरकवून वाचत बसते. एक परिच्छेद धड पूर्ण होत नाही तोच कोणीतरी घाबऱ्याघुबऱ्या येते, मग नाव, वय, पत्ता, काय होते आहे, सोबत कोण आहे हे सगळे लिहून घ्यायचे, केसपेपर द्यायचा, आणि परत आल्यावर त्याच ओळीपासून सुरुवात करायची. पाळीवरच्या मावशी एकदा म्हणाल्या, “तू वाच गं, कोणी आलं तर मी हाक मारते.” या धबडग्यात मोठे प्रकरण सलग वाचण्याचा नाद मी सोडला आहे. रात्री व्याख्या, सूत्रे आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतले लहान प्रश्न. ज्याला सलग विचार लागतो ते सुट्टीच्या सकाळी. कोणते काम तुकड्यांत होते आणि कोणते होत नाही याची ही पारख वर्गात कोणी शिकवली नसती, असे मला वाटते.

कमावून शिकण्याचे गोडवे गाताना कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव हमखास घेतले जाते. त्यांनी 1919 साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली, पण त्यात काम आणि वर्ग एकाच व्यवस्थेच्या हातात होते, हे आपण विसरतो. मी जिथे काम करते आणि जिथे शिकते त्या दोन ठिकाणांना एकमेकांचा पत्ता नाही. दोघेही माझा सगळा वेळ आपलाच आहे असे धरून चालतात. पाळी ऐन वेळी बदलते, प्रात्यक्षिक ऐन वेळी पुढे ढकलले जाते, आणि दोन्हीकडे रदबदली करायला मीच उभी असते.

घरच्या आधाराची खरी किंमत मला या महिन्यात कळली. माझ्या विषयातले एक चांगले प्रशिक्षण सुट्टीत होणार आहे, दोन महिन्यांचे, पूर्ण वेळ आणि विनावेतन. वर्गातल्या मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. ती माझ्याहून हुशार आहे किंवा नाही हा प्रश्नच तिथे येत नाही. तिला दोन महिने न कमावता थांबता येते, मला येत नाही. पुढे दोघींच्या अर्जांत हा अनुभव एकीकडे असेल आणि दुसरीकडे नसेल, आणि निवड करणाऱ्याला तो आवडीनिवडीचा फरक वाटेल.

नोकरी सोडून चालणार नाही, हे निश्चित आहे. उद्या विभागप्रमुखांना भेटून विचारणार आहे की हेच प्रशिक्षण आठवड्यातून दोन दुपारी, संपूर्ण सत्रभर विभागून करता येईल का. नियमपत्रक मी दोनदा वाचले. एकूण तास पूर्ण व्हावेत एवढीच अट त्यात आहे, ते सलग असावेत असे कुठेही लिहिलेले नाही.